नंबर न लागणारी भिशी

आधीच माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळलं नाही. कणकवलीजवळच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीसाठी नदी ओलांडून जावं लागायचं आणि मुलींना कुणी पाठवत नसे, म्हणून माझं शिक्षण तिथेच थांबलं. सुनेच्या ऑफिसची एक जुनी डायरी पडून होती, तिच्यात लिहिते आहे. कुणाला दाखवायची नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, चाळीत मला सगळ्या मुकीच समजतात. पण आज दुपारी एक गोष्ट पुरी झाली आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. नात झोपली आहे, ती उठायच्या आत जमेल तेवढं लिहून काढते.

लालबागला आमची चाळीतली खोली आहे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा कुरियरच्या कंपनीत आहे, सून पल्लवी लोअर परळला एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. मी मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ काढते. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते, एरवी थोडं थोडं काम चालू असतं. हे काम करणाऱ्या बाईचे हात कायम पेटलेले असतात. कितीही धुवा, खोबरेल चोळा, दोन दिवस तरी आग जात नाही. पुढे त्याचा संबंध येणार आहे म्हणून आधीच सांगितलं.

मजल्यावरच्या आम्ही दहा बायकांनी भिशी लावली होती. दर महिन्याला प्रत्येकीने दोन हजार द्यायचे आणि ते वीस हजार जिचा नंबर असेल तिला मिळायचे. पैसे सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी कुणाला काही बोलत नाही. मला भिशी आवडायची. आज मी भरलं की उद्या माझा नंबर लागणार, इतकं सरळ होतं ते. खरं सांगायचं तर माझी मायाही तशीच होती. प्रेम हा शब्द मी तोंडाने कधी उच्चारलेला नाही, आमच्याकडे जेवलीस का म्हणून विचारतात, त्यातच सगळं आलं. पण मी जिला जिला जेवलीस का म्हणून विचारलं, तिने कधीतरी मलाही विचारावं असं मनात असायचंच. विचारलं नाही तर ते बरोबर लक्षात राहायचं.

पल्लवीच्या बाबतीत तर माझं वागणं सांगायला लाज वाटते. लग्नाला सात वर्षं झाली, दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले. मी तिला कधी टोचून बोलले नाही. पण न बोलताही माणूस पुष्कळ सांगतो. तिच्यासाठी आळिवाची खीर करायची तेव्हा माझं लक्ष तिच्या तोंडाकडे नसून पोटाकडे असायचं. तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, तेव्हा मी देवीला नवस बोलले. सगळं नीट पार पडू दे, तुझी हिरव्या साडीने ओटी भरेन. पल्लवीला विचारलंसुद्धा नाही. देवीशीही माझा भिशीचाच व्यवहार होता.

तेव्हाच दादरच्या दुकानातून दोन हिरव्या साड्या घेतल्या, एकसारख्या काठाच्या. जोडीने घेतल्या तर स्वस्त पडत होत्या. एक देवीला आणि एक पल्लवीला बारशाला नेसायला. दोन्ही ट्रंकेत ठेवल्या. पुढे दर महिन्याला भिशीचे पैसे जमले की मी ते वर्तमानपत्रात चपटे गुंडाळून पल्लवीच्या साडीच्या आतल्या घडीत सरकवायची. बारशापर्यंत ती साडी कोण उलगडणार आहे, असं मला वाटलं.

गुरुवारी सकाळी दुकानात निरोप आला. मी मिरचीच्या ढिगावरून उठले ती तशीच परळला हॉस्पिटलात धावले. सरकारी हॉस्पिटल, आमच्यापासून चालत जाण्यासारखं. मुलगी झाली होती! आई आणि बाळ दोघी सुखरूप होत्या. सिस्टरने बाळ माझ्यापुढे धरलं, घ्या आजी म्हणाली, आणि मी दोन पावलं मागे सरले. हाताची आग होत होती. त्या कापसासारख्या अंगाला मी कशी हात लावणार? सिस्टरने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. मुलगी झाली म्हणून घेत नाही, असंच तिला वाटलं असणार. पल्लवीलाही तसंच वाटलं, हे मला नंतर कळलं.

मी मात्र आनंदाने वेडी झाले होते. घरी गेले, पाय धुतले, ट्रंक उघडून वरची साडी उचलली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड घेतलं आणि थेट देवीच्या देवळात गेले. पुजाऱ्यांनी साडी देवीच्या पायाला लावून बाजूच्या ढिगावर ठेवली. मी दोन्ही हात जोडून म्हटलं, आई, आपला व्यवहार पुरा झाला. हे शब्द माझेच आहेत, आणि ते आठवले की आजही मान खाली जाते.

शुक्रवारी दुपारी पल्लवीची साडी फॉल लावायला द्यावी म्हणून ट्रंकेतून काढली. हाताला हलकी लागली. उलगडून झटकली, ट्रंक उपडी केली. वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा नव्हता. आनंदाच्या भरात मी पैशांची साडीच देवीला देऊन आले होते. मी भुईवर बसले आणि मला भिंतीचा रंग दिसेनासा झाला. रविवारी ते वीस हजार शालनला द्यायचे होते. शालन आमच्या शेजारची, तिच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायचा शेवटचा दिवस सोमवार होता. कित्येक महिने तिने याच नंबरची वाट बघितली होती. आणि पैसे गेले म्हणून सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? मुकी बाई आतून पक्की निघाली, असंच म्हणतील. चाळीत माझ्या नावावर दुसरं काही नाही, फक्त एवढा विश्वास होता.

देवळापर्यंत मी चालत गेले की पळत, आठवत नाही. रस्ताभर देवीशी भांडत होते. मी एक साडी कबूल केली होती, तू वीस हजार कसे घेतलेस? ओटीत आलेल्या साड्या तिथे एका खिडकीवर प्रसाद म्हणून थोडक्या पैशात विकतात, ते मला माहीत होतं. खिडकीवरच्या बाईंना हिरव्या साडीचं विचारलं. त्या म्हणाल्या, सकाळीच गेली. एक बाई दर महिन्याला येऊन दहा-बारा साड्या उचलते, सुमन म्हणून, वरळीच्या जुन्या चाळींत राहते. मी विचारलं, एवढ्या साड्यांचं काय करते? बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"चांगल्या कामाला नेते. पण तुम्ही कुठे बोलू नका, लोकांना पटायचं नाही."

माझ्या मनात लगेच पाप आलं. देवीच्या साड्या स्वस्तात उचलून दुकानात विकत असणार. वरळीपर्यंत बसमध्ये मी तिला सुनवायची वाक्यं जुळवत होते. जन्मात कुणाला वर आवाज केला नव्हता, पण त्या दिवशी करणार होते. तिची खोली सापडली, दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं की ती हॉस्पिटलात आया होती, रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी रोज तिकडेच असते. कुठलं हॉस्पिटल विचारलं, तर तेच, परळचं, जिथे माझी नात वरच्या मजल्यावर झोपली होती!

सुमनताई मला मागच्या बाजूच्या इमारतीत सापडल्या, जिथे मयत माणसं ठेवतात. साठीच्या पुढच्या, उंच, मनगटावर पुरुषी घड्याळ. बाकावर कापडी पिशवी होती आणि पिशवीतून हिरवे काठ दिसत होते. जुळवलेली सगळी वाक्यं माझ्या घशातच राहिली. मी एवढंच म्हटलं, "साडी."

"वर्तमानपत्र तुमचं का?" त्या म्हणाल्या. "बसा. पाणी प्या आधी."

मग त्यांनी सांगितलं. कुणीच न्यायला आलं नाही अशा बायका इथून शेवटच्या प्रवासाला जातात, त्यांना त्या साडी नेसवून पाठवतात. नोकरीत असताना एकदा एक बाई नुसत्या चादरीत गेली, त्या दिवशी घरी जाऊन त्यांना घास गिळवला नाही, तेव्हापासून हे सुरू झालं. पेन्शनमध्ये दुकानातल्या साड्या परवडत नाहीत म्हणून देवळातून घेतात. मी भीत भीत विचारलं, देवीचा प्रसाद म्हणून नेता का? त्या हसल्या.

"आमच्या घरात बुद्ध आहेत, ताई. तुमची देवी मी मानत नाही. पण तिच्या साड्या नव्या असतात, त्या मी मानते."

पैशाचंही त्यांनी न विचारता सांगितलं. सकाळी साडी उलगडताना पुडकं पडलं. उद्या देवळात जाऊन खिडकीवर कळवायचं ठरवून त्यांनी ते कमरेला लावलं. तेवढ्यात नांदेडकडची एक बाई दारात बसलेली दिसली. नवरा गेला होता, गावी न्यायला गाडी उभी होती आणि सात हजार कमी पडत होते. सुमनताईंनी पुडक्यातून ते काढून दिले. आता तेरा राहिले होते. ते त्यांनी माझ्या हातात ठेवले आणि म्हणाल्या, "सात मी घेतलेत. दर महिन्याला पाचशे देईन. नाही म्हणायची संधीच मी तुम्हाला दिली नाही, ताई, विचारलंच नव्हतं."

मला राग यायला हवा होता. आलाही. कुणाच्या पैशावर तुम्ही पुण्य करता, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्याच वेळी आतून हाक आली की चार नंबरची न्यायची आहे, गाडी येईल. सुमनताई उठल्या, पिशवीतून साडी काढली. माझीच होती, तोच काठ. मग त्या माझ्याकडे वळल्या. नेहमीची मदतनीस आली नाही, एकटीला जड जातं, हात लावाल का?

"माझे हात मिरचीचे आहेत," मी म्हटलं.

"हिला झोंबणार नाहीत," त्या म्हणाल्या.

ती बाई माझ्याच वयाची होती. कपाळावर जुनं गोंदण, एका कानाची पाळी तुटलेली. तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. सुमनताई तिच्याशी बोलत होत्या, जरा कूस वळ गं, हो, झालंच, असं, जिवंत माणसाशी बोलावं तसं. मी निऱ्या घातल्या. माझ्या मुलाच्या लग्नातही मी कुणाच्या निऱ्या इतक्या नीट घातल्या नव्हत्या. पदर सारखा केला. माझ्या पर्समध्ये देवळातून आदल्या दिवशी मिळालेलं एक झेंडूचं फूल होतं, सुकत आलेलं. ते तिच्या हातात ठेवलं.

आणि त्या क्षणाला मला जे झालं ते मला लिहिता येत नाही, तरी लिहिते. भीती नव्हती, दुःखही नव्हतं, एवढा मोठा आनंद कुठून येत होता मला कळेना. मला वाटलं, काल मी देवळात साडी दिली ती देवीपर्यंत पोचलीच नव्हती, ती आत्ता पोचली. ही बाई मला कधीही जेवलीस का म्हणून विचारणार नाही. सुमनताईंनी तीन वर्षं, त्याआधी नोकरीतली कितीतरी वर्षं, अशा भिशीत पैसे भरले की जिथे आपला नंबर कधीच लागायचा नाही. आणि त्यांच्या चेहऱ्यावर कुणाची वाट बघणं नव्हतं. मी आयुष्यभर सगळ्यांवर माया केली आणि सगळ्यांची वाट बघितली. वाट न बघता माया करता येते, हे मी डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होते, हातांनी करत होते. हे देवीने घडवलं की माझ्या वेंधळेपणाने, ते मला सांगता येणार नाही. मी फक्त वाकून त्या बाईच्या पायाला हात लावला.

घरी येऊन आंघोळ केली. राहिला प्रश्न सात हजारांचा. माझ्या कानात मोत्याच्या कुड्या होत्या, सोन्यात बसवलेल्या, नवऱ्याने केलेल्या. शनिवारी सकाळी त्या काढून रुमालात बांधल्या, आधी पल्लवीला डबा द्यायचा आणि मग सोनाराकडे जायचं, असं ठरवून निघाले. पल्लवीने डबा उघडलाच नाही. माझ्या कानांकडे बघत राहिली आणि कुड्या कुठे आहेत विचारलं. मला खोटं बोलता येत नाही. सगळं सांगितलं, साडी, पैसे, मागची इमारत, मिरचीचे हात, सगळं. सात वर्षांत मी तिच्याशी इतकं बोलले नव्हते. मिरचीच्या हातांचं ऐकून तिने डोळे पुसले. म्हणाली, मला वाटलं मुलगी म्हणून तुम्ही मागे सरलात. मग तिने उशीखालून मोबाईल काढला आणि म्हणाली, बाळाच्या नावाने बाजूला ठेवलेत त्यातले सात हजार देते.

मी नको म्हटलं. लेकराचे पैसे मी कशी घेणार, माझी चूक मी निस्तरेन, एकदा नाही चारदा म्हटलं. तेव्हा ती जे बोलली ते माझ्या काळजावर कोरलं गेलं आहे.

"आई, सात वर्षांत तुम्ही माझ्याकडे काही मागितलं नाहीत. माझं मूलसुद्धा देवीकडे मागितलंत. एकदा माझ्याकडे मागून बघा की."

द्यायचं कसं हे मला माहीत होतं, वाट बघायचं कसं तेही माहीत होतं. हात पुढे करायचा कसा हे कुणी शिकवलंच नव्हतं. देवीसमोर पदर पसरणं सोपं असतं, सुनेसमोर फार अवघड. मी शेवटी एकच शब्द म्हटला, "दे."

ती हसली, टाके दुखले म्हणून कण्हली आणि पुन्हा हसली. मग बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. दोन दिवस काम नव्हतं, खोबरेल चोळून चोळून आग गेली होती. तरी मी आधी पालथा हात नातीच्या गालाला लावून बघितला. ती रडली नाही.

रविवारी वीस हजार शालनच्या हातात ठेवले. पैसे पुरे होते, गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी उभी राहिले आणि नऊ जणींसमोर सगळं सांगितलं. मग आमची बेबीताई, जिच्या तोंडाला सगळ्या घाबरतात, ती म्हणाली, "काय गो, देवीनं व्याज कापून घेतलंन की काय? आणि मुकीला वाचा दिलीन ती वेगळीच!" सगळ्या हसल्या, मीही हसले. शालनने मात्र माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. तिची मुलगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

सुमनताईंचे पाचशे घ्यायला मी दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी परळला जायची. पहिल्यांदा म्हटलं, राहू द्या, माझ्या सुनेने भरलेत. त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या महिन्यात गेले तेव्हा एक साडी नेसवायची होती, मी न विचारताच पदर खोचला. पुढे पुढे मी इतर गुरुवारीही जायला लागले. मिरचीच्या दिवसांतही गेले. पल्लवी दर वेळची ती नोट बाळाच्या दुधाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. बेबीताईने एकदा चार नव्या साड्या आणून दिल्या आणि कुणाला सांगू नकोस म्हणून दम भरला.

आज चौदावा महिना. सुमनताईंनी कमरेची नोट काढून माझ्या हातात ठेवली. मी पुन्हा म्हटलं, कशाला एवढं मनाला लावून घेतलंत, ती नांदेडची बाई काही तुम्हाला परत भेटणार नाही. त्या घड्याळाला चावी देत होत्या, ते थांबवून म्हणाल्या, "दुसऱ्याच्या पैशावर माया करणं सोपं असतं, ताई. त्या दिवशी मी दिले ते तुमचे होते. आज ते माझे झाले." आणि मग नेहमीसारखं विचारलं, पुढच्या गुरुवारी अकराला येता ना? मी येते म्हटलं.

लालबागपर्यंत पायी आले. वाटेत देवीला मनातल्या मनात नमस्कार केला. मागितलं काहीच नाही, मागायचं सुचलंच नाही. पल्लवी आज घरून काम करत होती. मी नोट तिच्या हातात दिली. तिने दुधाचा डबा जमिनीवर उपडा केला, नात दुडदुडत आली आणि नोटांवर बसली, तिला उठवून पुन्हा मोजायला लागलं. चौदा नोटा. पल्लवीने त्यांना रबर लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, आई, सात हजार पुरे झाले.